मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही

जूनची ७ किंवा ८ तारीख उजाडली की परंड्यापासून उमरग्यापर्यंत साऱ्या धाराशिव जिल्ह्यात एकच वाक्य घरोघर ऐकू येतं : मृग लागला. बी-बियाणं, खत, तिफणीची नाहीतर ट्रॅक्टरची जुळवाजुळव, पश्चिमेकडे लागलेली नजर, सगळं या दोन शब्दांत येतं. पण त्या रात्री आभाळ स्वच्छ असलं आणि एखादा हौशी माणूस मृग पाहायला गच्चीवर गेला, तर त्याला मृग सापडणार नाही. संध्याकाळी नाही, मध्यरात्री नाही, पहाटेही नाही. चार पायांचा चौकोन आणि पोटात सरळ रेषेतले तीन तारे हे हिवाळ्यात लहान पोरालाही ओळखता येणारं चित्र त्या पंधरवड्यात आकाशातून नाहीसं झालेलं असतं. ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, तेच गैरहजर असतं. नक्षत्र या शब्दाचा मराठीतला खरा अर्थ या गैरहजेरीतून उलगडतो, असं माझं म्हणणं आहे. शालेय पुस्तकं नक्षत्राचा अर्थ ‘तारकांचा समूह’ असा देतात. तो चुकीचा नाही, पण मराठी माणसाच्या, विशेषतः मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या, जिभेवर या शब्दाचा अर्थ ताऱ्यांची आकृती असा राहिलेला नाही. तिथे नक्षत्र म्हणजे काळाचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यात पडणारा किंवा न पडणारा पाऊस. मराठी साहित्यात या शब्दाला जे वजन आहे, तेही आकृतीतून आलेलं नसून या काळातून आलेलं आहे.

गैरहजेरीचं कारण सोपं आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आपल्याला सूर्य वर्षभरात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरून एक फेरी मारताना दिसतो. या वाटेचे २७ सारखे भाग केले, की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो आणि तो ओलांडायला सूर्याला साधारण साडेतेरा दिवस लागतात. म्हणून पंचांगात पावसाची नक्षत्रं कधी १३, कधी १४ दिवसांनी बदलतात : मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या २६-२७ तारखेला हस्त. मृग लागला याचा अर्थ सूर्य मृगाच्या भागात शिरला. आणि ज्या भागात सूर्य आहे, तो भाग सूर्याबरोबरच उगवतो व त्याच्याबरोबरच मावळतो, म्हणजे दिवसाच्या उजेडात पूर्ण बुडालेला असतो. त्यामुळे पावसाचं कोणतंही नक्षत्र त्याच्या स्वतःच्या दिवसांत दिसणं अवघड. मघा बरसतात तेव्हा मघेचा ठळक तारा सूर्याच्या झोतात हरवलेला असतो. पावसाळी ढग आड येतात हा पुढचा भाग झाला. ढग नसते तरी दिसला नसता.

जगातल्या इतर शेतकऱ्यांनी ताऱ्यांकडे पाहिलं ते वेगळ्या रीतीने. ग्रीक कवी हेसिऑड याने इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या काव्यात कृत्तिकांचा पुंज पहाटे उगवू लागला की कापणीला लागा आणि तो मावळू लागला की नांगर धरा, असा सल्ला आहे. प्राचीन इजिप्तमध्ये व्याध पहाटे पुन्हा दिसू लागण्याशी नाईलच्या पुराची सांगड घातली होती. दोन्हीकडे डोळ्याला दिसणारी गोष्ट हीच खूण होती. आपल्या पावसाच्या नक्षत्रांत मात्र खूण डोळ्याला दिसत नाही, ती मोजून कळते. कोणीतरी गणित करून सांगितल्याशिवाय ‘आज मृग लागला’ हे वाक्य उच्चारताच येत नाही. याचा अर्थ असा, की हा शब्द खेड्यात आकाश पाहून रुजला नाही. तो पंचांगाच्या पानावरून शिवारात उतरला आणि शिवारात त्याने आपलं मूळ घर सोडून नवं घर केलं.

मूळ घर कोणतं, हेही जरा पाहायला हवं. ऋग्वेदात नक्षत्र हा शब्द आकाशातल्या तेजासाठी येतो आणि काही ठिकाणी तो सूर्यालाही लावलेला आहे. म्हणजे सुरुवातीला ‘समूह’ हा अर्थ त्यात नव्हताच. यास्काने त्याची व्युत्पत्ती ‘नक्ष्’ म्हणजे पोचणे, गाठणे या धातूपासून लावली. पाणिनीने तो नकुल, नख, नपुंसक अशा शब्दांच्या रांगेत बसवला, जिथे सुरुवातीचा ‘न’ नकारार्थी आहे, आणि त्यावरून ‘जे झिजत नाही, ढळत नाही ते नक्षत्र’ असा अर्थ परंपरेने धरला. व्युत्पत्ती कोणतीही खरी माना, दोन्हींत आकृतीचा उल्लेख नाही : एकीत गाठण्याची क्रिया आहे, दुसरीत टिकाऊपणा. पुढे तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांपासून सुरू होणारी यादी येते, अथर्ववेदात अभिजित धरून २८ नावं येतात, आणि शब्दाचा अर्थ पक्का होतो : चंद्राचे मुक्काम. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला २७ दिवस आणि सुमारे ८ तास लागतात, म्हणून रोजचा एक मुक्काम. अरबांनी चंद्राच्या वाटेचे २८ टप्पे मानले, चिन्यांनीही २८. पुराणांनी त्याची गोष्ट केली : दक्षाच्या २७ मुली चंद्राला दिल्या आणि तो रोज एकीकडे जातो. मुक्काम म्हणजे जागा, आणि कोण कधी त्या जागी आहे हे सांगणं म्हणजे वेळ. जागेचं नाव वेळेचं नाव होण्याची ही सुरुवात आहे.

मराठीत हा शब्द दोन घड्याळांत एकाच वेळी चालतो, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. तुळजापूरला कोजागरीच्या दिवशी सोलापूरहून चालत आलेल्या भाविकांची गर्दी असते. त्या दिवशी तिथल्या एखाद्या पुरोहिताला ‘आज नक्षत्र कोणतं?’ असं विचारलं, तर तो अश्विनी किंवा तिच्या शेजारचं एखादं नाव सांगेल, कारण आश्विनातला पूर्ण चंद्र त्या भागात असतो. महिन्याला आश्विन हे नाव त्यावरूनच पडलं. तोच प्रश्न रस्त्यालगतच्या रानात ज्वारी पेरणाऱ्याला विचारला, तर तो हस्त किंवा चित्रा म्हणेल. दोघेही बरोबर आहेत. पुरोहित चंद्राचं नक्षत्र सांगतो, शेतकरी सूर्याचं. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र आकाशात समोरासमोर असतात, म्हणून ही दोन उत्तरं नेहमी अर्ध्या वर्तुळाच्या अंतरावर पडतात. याच कारणाने पावसाची काही नक्षत्रं वर्षातून दोनदा आपल्या भाषेत हजेरी लावतात, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. चित्रा ऑक्टोबरात पावसाचं नाव आहे आणि एप्रिलात चैत्राचं, त्या चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. मघा ऑगस्टात पाऊस आहे, फेब्रुवारीच्या आसपास माघ महिना आहे. मृग जूनमध्ये पेरणी आहे, डिसेंबरात मार्गशीर्ष आहे. एका शब्दात दोन काळ बसवणारी ही रचना कोणी ठरवून केलेली नाही, पण ती इतकी चोख आहे की खगोलशास्त्र शिकवायला याहून चांगलं साधन सापडणार नाही.

आता शिवारात या शब्दाचं काय झालं ते पाहू. पुरावा म्हणून मी क्रियापदांकडे बोट दाखवीन. तारे उगवतात, मावळतात, चमकतात, तुटतात. नक्षत्र मात्र मराठीत लागतं आणि निघतं, जसा हंगाम लागतो, जसं सुतक लागतं. ते बरसतं, कोरडं जातं, हुलकावणी देतं. त्याही पुढे जाऊन ते पडतं : ‘यंदा हस्त चांगला पडला’, ‘स्वाती पडल्या तर ज्वारी तरली’. इथे पडणारी गोष्ट पाऊस आहे, पण वाक्यात पाऊस हा शब्दच नाही. नक्षत्रच पाणी झालेलं आहे. संस्कृतात मघा हा शब्द अनेकवचनी होता आणि आपल्याकडेही ‘मघा लागल्या’ असंच म्हणतात, तेव्हा शब्दाची जुनी बाजू अगदीच पुसली गेलेली नाही. पण बाकीच्यांना लोकांनी सरळ आपल्या नात्यागोत्यात ओढलं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूंचा पाऊस, पूर्वांचा सुनांचा. आकाशात पुनर्वसूत तरणं काही नाही आणि पुष्यात म्हातारं काही नाही. तरणेपण आणि म्हातारपण पावसाच्या अंगचं आहे. जुलैच्या आरंभीचा जोरकस आणि त्यानंतरचा रेंगाळणारा, असा तो अनुभव आहे. उलट जिथे खरोखर आकृती पाहायची असते, तिथे लोक नक्षत्र हा शब्द वापरत नाहीत. सप्तर्षींना खेड्यात बाज किंवा खाटलं म्हणतात, चार तारे म्हणजे खूर आणि मागचे तीन म्हणजे चोर. दिसणाऱ्या गोष्टीला दिसणारी उपमा, आणि मोजल्या जाणाऱ्या काळाला नक्षत्र, अशी वाटणी भाषेने स्वतःच करून ठेवली आहे.

सगळ्यांत बोलका पुरावा हस्ताचा. हस्त म्हणजे हात. मूळ कल्पना पाच बोटांच्या पंजासारख्या दिसणाऱ्या ताऱ्यांची. पण मराठी खेड्यात ‘हस्त’ फार काळ हात राहिला नाही, त्याचा हत्ती झाला. संस्कृतातला हस्ती जवळ होता, पाऊसही हत्तीसारखाच सोंडेने ओतावा तसा पडणारा, ढगांचा गडगडाटही साजेसा. मग ‘हत्तीचा पाऊस’ हे नाव रूढ झालं. सूर्य हस्तात शिरला की हादगा किंवा भोंडला सुरू करण्याची रीत आहे, आणि त्यात मुली पाटावर हत्ती काढून किंवा ठेवून त्याभोवती फेर धरतात. हा पाटावरचा हत्ती नीट न्याहाळण्यासारखा आहे. त्याचा आकाशातल्या कोणत्याही ताऱ्याशी संबंध नाही. आकृती विसरली गेली, शब्द उरला, आणि त्या शब्दाने पावसाच्या रूपावरून स्वतःसाठी नवी आकृती घडवली. धाराशिवच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. ती ओल पुरवणारा हा पाऊस. शेतकऱ्याला हत्तीचं कौतुक का, हे वेगळं सांगायला नको.

काळ हा अर्थ फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात उरला आहे असं कोणी म्हणेल, तर त्याने फळबागांकडे पाहावं. डाळिंबाला आणि संत्र्या-मोसंबीला ज्या हंगामात फुलावर आणतात, त्याला बहार धरणे म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडचा तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार. हे शब्द कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आहेत आणि मृग बहार तर हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या शासकीय कागदांतही आहे. विमा कंपनीच्या अर्जावर ‘मृग’ लिहिताना कोणी हरणाचा विचार करत नाही आणि ताऱ्यांचाही नाही. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर चालणारा तो मखमली लाल जीव, ज्याला आपण मृगाचा किडा म्हणतो, त्याचंही तसंच. हरभऱ्याएवढा, बोट लावलं की पाय आखडून गोळा होणारा, आठ पायांचा, म्हणून काटेकोर पाहिलं तर कीटकही नव्हे, कोळ्यांच्या गणगोतातला. त्याला बाहेर काढते ती ओल. नाव मात्र नक्षत्राचं, कारण ओल आणि नक्षत्र या मराठी मनाला दोन गोष्टी वाटतच नाहीत.

यावर पहिला आक्षेप शास्त्राच्या बाजूने येईल. तो असा, की लोक काहीही म्हणोत, नक्षत्राची व्याख्या तारकासमूह हीच आहे आणि शब्दाचा शुद्ध अर्थ तोच धरला पाहिजे. मला हे पटत नाही, आणि कारण शास्त्रातच आहे. आधुनिक खगोलशास्त्रात ज्यांना आपण तारकासमूह म्हणतो, ते ८८ आहेत. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्यांची यादी १९२२ मध्ये ठरवली आणि बेल्जियमच्या देल्पोर्त यांनी आखलेल्या सीमा १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांनी सगळं आकाश वाटून घेतलेलं आहे, उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत. नक्षत्रं आकाश वाटत नाहीत, ती एक वाट वाटतात. शिवाय पंचांगातली नक्षत्रं सारख्या मापाची आहेत, तारे काही तसे सारख्या अंतरावर बसलेले नाहीत. स्वातीचा लालसर तेजस्वी तारा सूर्याच्या वाटेपासून ३० अंशांहून अधिक उत्तरेला आहे, श्रवणाचा ताराही जवळजवळ तितकाच दूर. चंद्र स्वातीच्या ‘मुक्कामी’ असतो म्हणजे त्या ताऱ्याजवळ असतो असं मुळीच नाही. आणि मृगाचं तर विचारूच नका. पंचांगातलं मृगशीर्ष म्हणजे त्या हरणाच्या डोक्याशी असलेले तीन अंधुक तारे. त्याच चित्रातला तांबूस काक्षीचा तारा म्हणजे पंचांगाची आर्द्रा. आपण ज्याला आख्खा मृग म्हणतो, त्यात पंचांगाची दोन नक्षत्रं सामावली आहेत. म्हणजे एकाच नावाची तीन मापं झाली : लोकांच्या डोळ्यातला मृग, पंचांगाचा मृग, आणि खगोलशास्त्राचा तारकासमूह. अशा वेळी ‘नक्षत्र म्हणजे तारकासमूह’ असं समीकरण मांडलं, की विद्यार्थ्याच्या हाती तिन्हींपैकी एकही नीट लागत नाही. आकृतीसाठी तारकासमूह हा चांगला, स्वच्छ शब्द आपल्याकडे आहे. तो तिथे वापरावा आणि नक्षत्राला त्याचं काम करू द्यावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो धाराशिवसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात टाळता येत नाही. नक्षत्रावर भरवसा ठेवून पेरणी करणं ही अंधश्रद्धा आहे, दुबार पेरणीचं संकट त्यातून ओढवतं, मग अशा शब्दाचं कौतुक कशाला? याचं उत्तर मी दोन भागांत देईन, कारण पंचांगातही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. सूर्य मृगात कधी शिरतो, हे गणित आहे आणि ते खरं ठरतं. त्या नक्षत्राचं वाहन काय, हे मात्र दुसरंच प्रकरण आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या संख्येला ९ ने भागायचं, आणि जी बाकी उरेल तिच्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस चांगला. या भागाकारात समुद्राचं तापमान नाही, वारा नाही, हवेचा दाब नाही. संपूर्ण भारतात त्या पंधरवड्याला एकच वाहन असतं, आणि त्याच पंधरवड्यात कोकण भिजतं व भूम-वाशी कोरडं राहतं. वाहनावर विसंबून बी मातीत घालू नये, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. जन्मनक्षत्रावरून, त्यातही मूळ किंवा आश्लेषा निघालं म्हणून, एखाद्या मुलीचं लग्न अडवणं हे तर त्याहून वाईट. तिथे शब्दाने माणसाला इजा केली आहे आणि तिचं समर्थन कोणत्याही परंपरेने होत नाही.

पण शेतकऱ्याची भाषा नीट ऐकली, तर ती वाहनाच्या बाजूने बोलत नाही. ‘मृग कोरडा गेला’ हे वाक्य पाहा. ज्याला नक्षत्र पाऊस पाडतं असं खरोखर वाटतं, त्याच्या भाषेत हे वाक्य तयारच झालं नसतं. नक्षत्र आलं, गेलं, पाणी आलं नाही, असा अनुभव मांडण्याची सोय या भाषेने आधीच करून ठेवलेली आहे. नक्षत्र हे मोजमापाचं भांडं आहे. त्यात किती पडलं हे नंतर पाहायचं. ‘मृगात पेरलं, आर्द्रात कोळपलं, पुष्यात उघडीप मिळाली’ असं सांगणाऱ्याने तारखांची एक नोंदवहीच बोलून दाखवलेली असते, आणि ती सबंध गावाला कळते. पेरणीचा निर्णय तर नक्षत्र देतच नाही. तो वाफसा देतो. मूठभर माती हातात घेऊन दाबायची, ती चिकटून लगदा होत नाही आणि भुसभुशीत फुटते, ओल खाली वीतभर गेली आहे, मगच चाड्यावर मूठ धरायची. कृषी खातं आज सांगतं, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दोन्ही सांगण्यांचा मथितार्थ एकच आहे. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर येतो तेव्हाही गावात बोलणं होतं ते ‘आर्द्रा निघायच्या आत पेरणी उरकली पाहिजे’ असं. अंदाज नवा आहे, कालपट जुना आहे, आणि दोघांत भांडण नाही.

तिसरा आक्षेप एखादा जाणकार घेईल : नक्षत्रं ऋतूंशी कायमची बांधलेली नाहीत. हे अगदी खरं आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, म्हणून ताऱ्यांच्या हिशेबाने मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं भरतं, आणि साधारण ७१ वर्षांत नक्षत्रं ऋतूंच्या तुलनेत एक दिवस पुढे सरकतात. शिवाजी महाराजांच्या काळापासून आजवर हा फरक पाच दिवसांचा झाला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत नोंदवलं आहे, की पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यावर सुरू होई, आपल्या काळी ते पुनर्वसूत होतं. आज ते आर्द्रा लागता लागता होतं. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळाचे धागे वेदांत शोधले, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवतात या ब्राह्मणग्रंथातल्या विधानावरून त्याचा काळ काढला. मराठी माणसांनी या विषयावर इतकं खोल काम सव्वाशे वर्षांपूर्वी केलं आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. आता हा आक्षेप माझ्या म्हणण्याला कुठे नेतो ते पाहा. वराहमिहिराच्या काळी सूर्य मृगात शिरत असे तो आजच्या मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तेव्हा मराठवाड्यात पेरणी होणं शक्य नव्हतं. म्हणजे ‘मृगाची पेरणी’ हे अनादी सत्य नाही. पाऊस आणि नक्षत्र यांची जोडी लोकांनी आपल्या अनुभवाशी ताडून कधीतरी जुळवली, आणि गरज पडली तेव्हा बदललीही असणार. पंचांगांतही मतभेद आहेत. टिळक पंचांग आणि नेहमीचं पंचांग यांच्यात नक्षत्र लागण्याचा काही दिवसांचा फरक पडतो. ज्या शब्दाने इतकी सरकासरकी पचवली, तो आकृतीला चिकटून बसला असता तर केव्हाच निरुपयोगी झाला असता. तो टिकला, कारण तो कामाच्या वेळेला चिकटला.

साहित्यात याचं प्रतिबिंब दिसतं ते पाहताना मला दोन प्रवाह वेगळे वाटतात. एक प्रवाह तेजाचा. ‘नक्षत्रासारखी पोर’ म्हटलं की मराठी माणसाला लखलखीत, निर्मळ रूप दिसतं. इथेही गंमत अशी, की नक्षत्र समूह असूनही उपमा एकट्या मुलीला लागते. तो ऋग्वेदातला जुना, एकट्या तेजाचा अर्थ या वाक्प्रचारात जिवंत राहिला आहे. मुलींची नावं याच प्रवाहातली : रोहिणी, चित्रा, स्वाती, अनुराधा, रेवती, अश्विनी. कुसुमाग्रजांचा १९४२ चा कवितासंग्रह ‘विशाखा’ हे नाव घेऊन आला, तेव्हा त्या नावामागे पावसाचं ओझं नव्हतं, कारण विशाखा पावसाच्या यादीबाहेरची आहे. दुसरा प्रवाह काळाचा आणि देण्याघेण्याचा, आणि मला तो अधिक खोल वाटतो. शिंपल्यात स्वातीचा थेंब पडला की मोती होतो, हा संकेत संस्कृतातून आला आणि मराठी संतकवितेत रुळला. पण स्वातीचा पाऊस म्हणजे मोती, हे रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्याला संकेत वाटत नाही. वाढत्या पिकाला मिळालेलं ते अखेरचं पाणी असतं. आरती प्रभूंच्या ज्या संग्रहाला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नाव ‘नक्षत्रांचे देणे’. मराठीत देणे म्हणजे दान आणि देणे म्हणजे कर्जही. तारकासमूह या शब्दापुढे ‘देणे’ ठेवून पाहा, नाव निर्जीव होतं. नक्षत्र देऊ शकतं आणि नक्षत्राचं फेडायचं राहू शकतं, हे मराठी कानाला चटकन पटतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याच्याकडे मागत आलो आहोत. कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिवांनी ज्या माणसांच्या कथा लिहिल्या, त्यांच्या जगात आकाशाकडे पाहणं हे सौंदर्य पाहणं नसतं, ते हिशेब पाहणं असतं. या जिल्ह्यातल्या लेखनात नक्षत्राचं नाव आलं, की त्याच्या मागे बियाण्याचा खर्च आणि उसनवारी उभी आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं.

आणि तरीही त्या ताऱ्यांकडे पाहायचं सोडू नये. धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. रानात कडब्याची खोप करतात, पांढरे केलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, भज्जी, आंबील, उंडे यांचं जेवण होतं, शेजारीपाजारी हक्काने रानात येतात. भोवती कमरेएवढी ज्वारी उभी असते. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे वाळल्या काडाची पेंढी, पेटवून लोक घराकडे वळतात. अमावास्या असल्याने चंद्र नसतो, थंडीची हवा स्वच्छ असते, आणि साडेसात-आठच्या सुमाराला पूर्वेच्या बाजूला, क्षितिजापासून थोडा वर, मृग आलेला असतो. जूनमध्ये ज्याच्या नावाने चाड्यावर मूठ धरली, तो सहा महिन्यांनी ज्वारीच्या शेंड्यांवरून संध्याकाळीच पुरता नजरेत येतो. यंदाच्या येळवशीला हेंडगा विझल्यावर लगेच गाडीत बसू नका. पूर्वेकडे तोंड करून दहा मिनिटं उभे राहा, सरळ रेषेतले तीन तारे शोधा, आणि सोबतच्या पोरांना सांगा : पेरणीच्या वेळी आपण ज्याला ‘लागला’ म्हणालो होतो, तो हा.